झाकणाच्या आतला आकडा

लोहारा
२२ एप्रिल २०२५

तौसिफ,

अक्षर ओळखलं असशील. तीन वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. तू घर सोडलंस त्या दिवशी म्या कसम खाल्ली व्हती, ह्या पोराशी तोंडानं एक शब्द बोलणार न्हाय. ती कसम कायम हाय. लिहिणार न्हाय असं मी म्हणलो नव्हतो. घरात आपण दखनी बोलतो, पण लिहायला मला झेडपीच्या शाळेतली मराठीच येती आणि तुलाबी तीच येती, म्हणून मराठीत.

जाताना गॅरेजच्या दारात उभा राहून तू काय बोलला व्हतास ते तुला आठवत नसंल, मला आठवतंय. "अब्बा, तुमच्याकडं जीप आन् ट्रॅक्टर सोडून काय येतंय? मी असल्या गाड्या खोलीन, ज्यांचं नाव तुम्हाला वाचता यायचं न्हाय." तर बाबा, तसली गाडी परवा आपल्या दारात आली. काळी, जर्मनीची, आठ सिलिंडरची. नाव वाचता आलं. पहिल्या झटक्यात आलं.

गाडी शरणबसप्पा अण्णांची. बसस्टँडमागं ज्यांचं मंगल कार्यालय हाय तेच. नवरदेवाच्या वरातीला भाड्यानं द्यायला म्हणून त्यांनी गेल्या दिवाळीत पुण्याहून जुनी गाडी आणली. पंचक्रोशीत कुणाकडं असली गाडी न्हाय, असं ते रोज सांगतात आणि ते खरंबी हाय. पण तूच सांग, जी गाडी ताशी अडीचशेनं पळायला केलीय, तिला भर उन्हात बँडच्या मागं दोन दोन तास पावला पावलानं चालवायची? आत एसी फुल्ल, इंजिनाला वारा न्हाय. घोड्याला घाण्याला जुंपल्यासारखं झालं. परवाच्या वरातीत कार्यालयाच्या फाटकापाशी ती पुढच्या डाव्या चाकावर मटकन खाली बसली. नवरदेव आत, दार अर्धंच उघडतंय, पोटरीपर्यंत एक पाय बाहेर, आणि बँडवाल्यांना वाटलं लोक थांबलेत ते नाचायला, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला.

अण्णांनी मला बोलावून घेतलं. अडीचशे माणूस जमलेलं. म्या वाकून बघितलं. तसल्या गाडीला लोखंडाची स्प्रिंग नसती, रबराचा हवेचा फुगा असतो, तो फाटला व्हता. मग मीटर बघितलं. अठ्ठावन हजार. इंजिन चालू करून ऐकलं. आवाज असा की बोनेटवर पाण्यानं भरलेला गिलास ठेवला तर थेंब सांडायचा न्हाय. मी उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणलो, "अण्णा, अठ्ठावन हजार म्हणजे ह्या इंजिनाचे अजून दुधाचे दात हायेत. फुगा मी बदलतो. बाकी गाडी एक नंबर. शब्बीरची जबान."

शब्बीरची जबान म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लोहाऱ्यात जुनी जीप घेताना लोक आधी आर.सी. बुक बघत न्हाईत, आधी मला विचारतात.

एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. मदत मागायला लिहिलेलं न्हाय. फक्त त्या फुग्याच्या वरचा नट किती जोराला आवळायचा, तो आकडा कळव. माझा अंदाज हाय. तुझा किती येतो ते बघायचंय.

शब्बीर मिस्त्री


लोहारा
२ मे २०२५

तौसिफ,

अम्मीच्या फोनवर तू नटाचा आकडा सांगितलास. माझा अंदाज तोच व्हता, थोडा इकडं तिकडं.

फुगा हैदराबादहून मागवला. त्या एका रबराच्या फुग्याच्या किमतीत आपल्याकडं जीपचं अख्खं इंजिन बांधून निघतं. अण्णांनी किंमत ऐकली आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं. मी म्हणलो, "अण्णा, हत्ती घेतला की गवत हत्तीचंच लागतंय." फुगा माझ्या हातानं बसवला. गाडी चारी पायांवर अशी उभी राहिली की मलाच बरं वाटलं. बाजाराचा दिवस व्हता. मी गाडी मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून लावली.

आता जे लिहितोय ते नीट वाच. सीटवर बसलो तेव्हा ब्रेकच्या पेडलाचं रबर पायाला लागलं. एका बाजूनं पार गुळगुळीत झालंय, खालचं लोखंड दिसायला आलंय. ड्रायव्हरच्या सीटचा दरवाज्याकडचा कोपरा फुटलाय, वरून काळं पॉलिश मारून झाकलाय. अठ्ठावन हजारात पेडल असं झिजत न्हाय. उमरग्याहून एकाला लॅपटॉप घेऊन बोलावलं, त्यानं तार जोडली आणि तोबी म्हणाला अठ्ठावन हजार. मशीन म्हणतंय अठ्ठावन, पेडल म्हणतंय दीड लाखाच्या वर. मी चाळीस वर्षं पेडलाचं ऐकत आलोय.

आणि दुसरं, इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी होतंय. खाली थेंब न्हाय, धुरात न्हाय, ऑइलमध्ये न्हाय. रोज एक पेला गायब. म्हणजे आतच कुठंतरी, दोन्ही बाजूच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत साठतंय आणि गरम इंजिनावर वाळून जातंय. इंजिनावर झाकणासारखं बसलेलं ते काळं प्लास्टिकचं मॅनिफोल्ड काढल्याशिवाय दिसायचं न्हाय.

तू तिकडं पुण्यात असल्याच गाड्यांच्या वर्कशॉपात हायेस असं अम्मी सांगती. ह्या मॉडेलला हा रोग असतो का, ते कळव. मी सोमवारी खोलतोय.

शब्बीर मिस्त्री


लोहारा
११ मे २०२५

तौसिफ,

अम्मीला फोन करून तू निरोप दिलास, "अब्बांना सांग, मॅनिफोल्ड खोलू नका, गाडी पुण्याला पाठवून द्या, मी बघतो." अम्मीनं निरोप सांगितला तेव्हा मी चहा पीत व्हतो. कप तसाच ठेवला. एवढी वर्षं झाली, तू मला कधी "खोलू नका" म्हणला न्हाईस. उलट तूच आधी पाना घेऊन पळायचास. तेव्हाच मी पाना शोधायला उठलो.

खोललं. सगळे बोल्ट ओळीनं पुठ्ठ्यात खोचून ठेवले, तुला शिकवलं व्हतं तसे. मॅनिफोल्ड उचललं. खोबणीत वाळलेल्या कूलंटचा पांढरा थर, आणि तिथल्या कूलंटच्या पाइपाच्या तोंडाशी जुनी सील बदलायच्या ऐवजी वरून पेस्ट फासलेली. लई सफाईनं फासलेली. एका जाडीची, कडेला बोट फिरवलेलं. माझ्या मनात आलं, हे काम करणाऱ्याला काम येतंय आणि तरी त्यानं हे केलंय.

मग मॅनिफोल्ड उलटं केलं. आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं व्हतं. तारीख १४-८-२४. खाली १,६३,४२०. आणि कोपऱ्यात "तौ".

मराठी आकड्यांत. सगळ्या पुण्यात जर्मन गाडीच्या पोटात मराठी आकडे कोण कोरंल?

मी तिथंच टायरवर बसलो. तुला आठवतंय का, तू कामाला लागलास तेव्हा पहिली गोष्ट काय शिकवली व्हती? खोललेलं इंजिन परत मिटवायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि खरं रीडिंग लिहायचं. बिल हरवतं, चिठ्ठी उंदीर खातो, गिऱ्हाईक विसरतो. आत लिहिलेलं राहतं. पुढं जो कुणी खोलंल त्याला कळावं की आपल्या आधी इथं कोण येऊन गेलं आणि कधी. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, म्या तुला. ह्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गॅरेजात ही रीत न्हाय. हे सगळ्या गावाला म्हायती हाय.

आता जे झालं ते खरं सांगतो. पहिल्यांदा एवढा राग आला की पाना भिंतीवर मारला. भोक पडलंय, येशील तेव्हा बघ. एक लाख त्रेसष्ट हजाराची गाडी अठ्ठावन हजाराची करून माझ्या गावातल्या माणसाच्या गळ्यात मारली, आणि माझं पोरगं तिथं हजर व्हतं. आणि त्याच मिनिटाला माझी छाती भरून आली. मला त्याची लाज वाटली, पण भरून आली हे खरं हाय. खोट्याच्या बाजारात बसून, खोटं काम करताना, तुझ्या हातानं खरा आकडा लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघणार नव्हतं. उलट सापडला असता तर तुझी नोकरी गेली असती. तरी लिहिलास. हात माझाच हाय तुझा.

पण हातानं खरं लिहून तोंडानं गप्प बसला असशील, तर अर्धाच माणूस झालास. मीटर कुणी फिरवलं? तू? मला एवढंच सांग.

शब्बीर


लोहारा
२१ मे २०२५

तौसिफ,

पार्सल मिळालं. पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरनं स्वतः आणून दिलं. नवा पाइप, सगळ्या सील, गॅसकेटचा संच, सगळं कंपनीचं, एकबी डुप्लिकेट न्हाय. डब्यावर गिऱ्हाईक म्हणून तुझं नाव. चिठ्ठी मात्र न्हाय. डबा दोनदा उलटा करून झटकला. अम्मी म्हणाली, माल पाठवला म्हणजे बोललंच ते. मी म्हणलो, मालाला जीभ नसती.

इकडं काय झालंय ते ऐक. अण्णांचा पुतण्या नागप्पा, हिप्परग्याचा, त्याला ती गाडी घ्यायचीय. अण्णांना हत्ती झेपेना, पुतण्याला हौस. नागप्पा परवा गॅरेजात येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, मला गाडीतलं काय कळत न्हाय. तुम्ही कार्यालयात सगळ्यांसमोर एक नंबर म्हणलात, मला तेवढं बास हाय. म्हशी विकून घेतोय." मशीन खोटं बोललं तर लोक मशीनला शिव्या देतील. पण इथं मशीनच्या खोट्यावर म्या माझी जबान ठेवलीय. मीटर बघून बोललो आणि पेडल नंतर बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उलटं केलं. का केलं तेबी सांगतो. तुला लिहायचं व्हतं, की बघ, तसली गाडी माझ्याबी दारात आली.

अम्मी म्हणती, नवे पार्ट आलेत, बसवून टाका, गाडी चांगली होईल, कुणाचं काय जातंय. आकडा आत हाय, आत कोण बघतंय. आणि खरं बोललात तर पोराचं नाव बाहेर येईल, मग ते ह्या गावात पाय ठेवायचं न्हाय. ती रडली. आणि मंगळवारी दुपारी पॉलिश पेपर हातात घेतला व्हता. प्लास्टिक हाय, चार हात मारले की आकडा गेला असता. एक हात मारलाबी. "तौ"ची मात्रा थोडी पुसट झालीय. मग पेपर चुलीत टाकला.

तर मी ठरवलंय. पुढच्या बुधवारी, २८ तारखेला, त्याच कार्यालयात, जिथं जबान दिली तिथंच चार लोकांसमोर उभा राहून परत घेणार. तुझं नाव मी आपणहून काढणार न्हाय. पण कुणी विचारलं तर लपवणारबी न्हाय. म्हणून आधी कळवतोय. त्या आधी तुला काय सांगायचं असंल तर सांग. पाइपाच्या डब्यात नको, कागदावर.

अब्बा


लोहारा
३० मे २०२५

तौसिफ,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, एक दिवस आधी. साडेचार ओळी. तरी म्या किती वेळा वाचलं ते अम्मीला विचार. "मीटर मी फिरवलं न्हाय. जुन्या गाड्या विकणाऱ्या आमच्या शेठच्या माणसानं लॅपटॉपवर फिरवलं, मी बाजूला उभा व्हतो. मला कळत व्हतं. आकडा आदल्या दिवशी आत लिहून ठेवला. तुमच्याशिवाय कुणी वाचणार न्हाय असं वाटलं व्हतं. पंधरा तारखेपासून शेठकडं जाणं बंद केलंय." पत्र कुणाला दाखवलं न्हाय. माझ्या खिशात हाय.

बुधवारी कार्यालयात गेलो. सुपारी फोडायचा कार्यक्रम व्हता, जेवणं उरकली व्हती, शंभरेक माणूस असंल. मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळून संगं नेलं व्हतं. अण्णा आणि नागप्पा पुढंच बसले व्हते. मी म्हणलो, "महिन्यामागं म्या ह्याच कार्यालयाच्या फाटकात सांगितलं की गाडी अठ्ठावन हजार चाललीय आणि एक नंबर हाय. ते चूक व्हतं. गाडी एक लाख त्रेसष्ट हजार आणि वर चाललीय. मी मीटरवर विश्वास ठेवला, तो माझा गुन्हा. माझी जबान मी परत घेतो." आणि मॅनिफोल्ड टेबलावर उलटं ठेवलं.

सगळे वाकून वाकून बघायला लागले. आचारीबी आला. मग अण्णांनी चष्मा लावून आकड्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "शब्बीरभाई, आत आकडा लिहायची रीत तुमच्याच गॅरेजची न्हवं? हे कुणी लिहिलं?"

तौसिफ, त्या वेळी मला दोन शब्द बोलायचे व्हते आणि ते बोलताना आवाज कापंल असं वाटत व्हतं. न्हाय कापला. मी म्हणलो, "माझ्या पोरानं." अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणलो. "जिथं सगळे खोटं बोलत व्हते तिथं त्यानं खरं लिहिलं, आणि खरं लिहून गप्प बसला. दोन्ही गोष्टी त्याच्याच."

अण्णा लई चिडले. तुला, मला, तुझ्या शेठला, सगळ्यांना एका माळेत ओवलं. मी ऐकून घेतलं. नागप्पानं गाडी घ्यायचा बेत सोडला, त्याच्या म्हशी त्याच्या दावणीला राहिल्या, बरं झालं. परतताना स्टँडवर कुणीतरी मागून म्हणालं, शब्बीर मिस्त्रीबी चुकतोय म्हणा की. मी वळून सांगितलं, "चुकतोय. आणि सांगतोयबी." काल एकानं आपली जीप दुसऱ्या गॅरेजला नेली. नेऊ दे. मला वाटलं व्हतं मान खाली जाईल. गेली न्हाय. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, अम्मी साक्षीला हाय.

आज जुम्म्याच्या नमाजनंतर अण्णा एकटेच गॅरेजात आले. स्टुलावर बसले, चहा घेतला, उघडं इंजिन बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी विकणाऱ्या त्या पुण्याच्या शेठला मी बघून घेतो, कागद हायेत माझ्याकडं. तुमच्या पोराकडनं मला तीन गोष्टी पायजेत. त्यानं येऊन खरा आकडा माझ्या तोंडावर सांगावा. हे जे त्यानं पेस्ट लावून झाकलं ते त्याच्याच हातानं नीट करावं. आणि पोलिसांत जाताना माझ्या बाजूनं उभा ऱ्हावा." उठता उठता दारात थांबून म्हणाले, "आणि हत्ती आता माझ्याच गळ्यात हाय, तर त्याला माहूतबी लागंल. बघा विचारून." एवढं बोलून गेले. अण्णा गोड बोलणारा माणूस न्हाय, तुला म्हायती हाय. एवढं बोलले म्हणजे लई झालं.

मी इंजिन अजून खोललेलंच ठेवलंय. नवा पाइप, सील, गॅसकेट, सगळं जागच्या जागी मांडून वर धुतलेलं फडकं टाकलंय. मॅनिफोल्ड टेबलावर उलटं ठेवलंय. तुझ्या आकड्याखाली एक ओळ बसंल एवढी जागा हाय. शेजारी खिळा ठेवलाय, घासून टोक काढलंय. मला बसवता येत न्हाय असं समजू नको. दोन तासांचं काम हाय. पण ती ओळ माझी न्हाय.

पुढच्या शनिवारी ईद हाय. अम्मीनं तुझ्या खोलीतले बेअरिंगचे खोके मला हलवायला लावले, तेव्हा आता खोली मोकळी हाय. सोलापूरहून सकाळची गाडी बरी पडती, दहापर्यंत येती.

शेवटचं एक राहिलं. तू दारात आल्यावर आपण काय करायचं, ह्याचा मी लई विचार केला. कसम कसम हाय, मी मोडणारा माणूस न्हाय. अम्मी मौलानांना विचारून आली, ते म्हणाले तीन दिवसांच्या वर अबोला धरणं हेच मुळात चूक व्हतं. ते मला म्हायती व्हतं, म्हणून तर मी त्यांना विचारायला गेलो न्हाय. पण एक वाट हाय. तू आत येताना सलाम कर. सलामाचं उत्तर द्यावंच लागतंय, वाजिब हाय ते, तिथं कुणाच्या बापाची कसम आड येत न्हाय. पुढचं पुढं बघू.

फक्त जरा मोठ्यानं कर. कंप्रेसर चालू असला की मला ऐकू येत न्हाय.

न्हायतर असं करतो. त्या दिवशी कंप्रेसर लावतच न्हाय.

तुझा अब्बा